बारा पावलं

५ जानेवारी २०२५, रविवार

जिंकलो. २-१. सेमीफायनलला गेलो.

मी पोचलो तेव्हा पहिला हाफ संपत आला होता. तीन नंबर बंगल्याचे पाहुणे अकराला निघायचे ते दीडला निघाले. "भैया, बच्चों को थोडा और तैरने दो." बच्चे कसले, तिशीचे बाप्ये. मग चादरी काढा, टॉवेल मोजा, पूलमध्ये क्लोरीन टाका, किल्ली पुढच्या पार्टीला द्या. एका गड्याशी भांडण होता होता राहिलं. कुसगावात बंगले सांभाळायचे आणि रविवारी मॅचही बघायची, म्हणजे जीव दोन ठिकाणी.

पण सकाळी सहाला मैदानावर होतो. फक्की मारल्याशिवाय मॅच नाही, आणि फक्की म्हणजे मीच. मी कधी अकरात नव्हतो, होणारही नाही. पण त्या पांढऱ्या रेघा माझ्या आहेत. चुन्याचा वास हाताला दिवसभर राहतो. आई म्हणते, "ह्या हातानं भाकरीला शिवू नकोस."

आदिनाथनं पेनल्टी मारली, खास कुसगावची. चढता बॉल, बारच्या जरा खालून, जाळ्यात. नथूआबांनी सगळ्या पिढ्यांना हीच शिकवली. ८६ साली रेल्वेत गँगमन असताना आबांनी टीम काढली, तेव्हापासून आमच्या मैदानावर पेनल्टी चुकलेली कुणाला आठवत नाही.

गोल झाल्यावर सवयीनं बांधाकडे बघितलं. मांडीवर जर्नल ठेवून टाळ्या वाजवणारं तिथं कुणी नव्हतं. दोन वर्षं कुणी नाहीये. तरी मान वळतेच.

इंद्रायणी. नाव लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

८ जानेवारी, बुधवार

सेमीफायनल दोन मॅचची. पहिली बाराला तळेगावात, दुसरी एकोणीसला आपल्याकडे. समोर तळेगावच. फायनल २६ ला, तीही तळेगावच्याच मैदानावर. आबा ऐकून एवढंच म्हणाले, "त्ये मैदान आपल्याला लाभत न्हाई."

१२ जानेवारी, रविवार

१-१. आणि पुन्हा तेच.

शेवटची दहा मिनिटं उरलेली. पेनल्टी मिळाली. आदिनाथ आला. बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला, मारला. बारवरून. मागच्या सोसायटीच्या भिंतीवर आपटून परत आला. तळेगावची पोरं हसली. मी एकाच्या अंगावर धावलो. हनुमंतनं, आमच्या कॅप्टननं, मैदानातून येऊन मला मानगुटीला धरलं. "तुला खेळायचं न्हाई तर निदान आमाला तरी खेळू दे."

टेम्पोतून परत येताना कुणी बोललं नाही. हा टेम्पो मला लहानपणापासून पाठ आहे. सात वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून पहिली फायनल बघितली. जाताना हलगी, येताना गप्प. येताना सोमाटण्याला वडापाव मिळायचा, तोही गप्प बसून खायचा. तेव्हा वाटायचं, हरल्यावर वडापाव असाच तिखट लागतो.

आत्तापर्यंत चार फायनल. चारही टायब्रेकरवर हरलो. चारही तळेगावात.

एक गोष्ट आज पहिल्यांदा डोक्यात आली आणि निघेना. तिथं चुकलेल्या पेनल्ट्या आठवून बघितल्या. एकही डावीकडून बाहेर गेली नाही. एकही उजवीकडून नाही. सगळ्या वरून.

हे मला कुणीतरी सांगितलं होतं.

तळेगावच्या त्या मैदानाच्या कोपऱ्यावरच तिची बिल्डिंग. दुसरा मजला, गॅलरीत तुळस. चिंतामणी सर, म्हणजे तिचे वडील, खुर्ची टाकून पेपर वाचत होते. ती दिसली नाही. मी बघतही नव्हतो. म्हणजे बघत होतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईनं तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोल. निदान आजच्या दिवस."

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत, १५ जानेवारीचा रविवार. तो दिवस कधी लिहिला नाही. आज लिहून टाकतो.

आम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. ती माझ्या सर्व्हेच्या बॅचमध्ये. टेप धरायची तर एक टोक तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे. तीस मीटर लांबून ती ओरडायची, "अमृत, टेप ताण, झोळ पडलाय." माझ्या टोकाला कायम झोळ. ओळख झाली ती अशी. मग ती तळेगावहून लोकल पकडून आमच्या मॅच बघायला यायला लागली. जर्नल घेऊन यायची, एक ओळ लिहायची नाही. तिला फुटबॉलमधलं आधी काही कळत नव्हतं. तीन महिन्यांत ऑफसाईड माझ्यापेक्षा चांगलं कळायला लागलं.

त्या दिवशी प्रॅक्टिस संपली होती. वीस-बावीस पोरं, आबा, सगळे तिथंच. ती कॉलेजची टेप घेऊन लोहगडाकडच्या गोलपाशी वाकून काहीतरी करत होती. मग गावाकडच्या गोलपाशी. मग मला हाक मारली, "अमृत, जरा इकडे ये ना. एकटाच ये."

मी तिथूनच म्हणालो, "काय ते इथंच सांग."

ती जवळ आली, हळू बोलली. "पेनल्टीचे दोन्ही स्पॉट गोलच्या जवळ आहेत. अकरा मीटरला तीन सेंटिमीटर कमी, एवढं अंतर पाहिजे. तुमचं पाच फूट कमी भरतंय." वर काही इंचही सांगितले. ते मी ऐकलेच नाहीत. "तुमचा बॉल चढता असतो. इथून मारला की बारच्या खालून जातो. तोच पाच फूट मागून मारला की बारपाशी पोचेपर्यंत वर गेलेला असणार. तळेगावात तेच होतं."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "चाळीस वर्षं आबांनी मोजलंय हे! तू दोन सेमिस्टर सर्व्हे शिकून आबांची चूक काढायला आलीस? आमच्या गावाची लायकी काढायला आलीस?"

ती म्हणाली, "मी फक्त मोजलं, अमृत."

मी टेपला लाथ मारली. ती गडगडत चरात गेली. तिनं चराकडे बघितलं, माझ्याकडे नाही. सॅक उचलली आणि स्टेशनच्या रिक्षात बसली.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला एकानं विचारलं, "काय रे, तुमचं मैदान मीटरमध्ये का पावलांत?" माझ्या हातात रेंजिंग रॉड, सर्व्हेचा उंच दांडा, होता. पंधरा दिवस सस्पेंड झालो. पंधरा दिवसांनी ती बॅचमध्ये असणार म्हणून गेलो नाही. मग गेलोच नाही.

लोकांना सांगतो, अभ्यास झेपला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

टेप माझ्याकडेच आहे. त्याच संध्याकाळी चरातून काढून आणली होती. माळ्यावर, जुन्या बुटांच्या खोक्यात.

आज उजाडता उजाडता मैदानावर गेलो. दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून विटेखाली दाबलं. गोलच्या रेघेपासून स्पॉटपर्यंत. आमचा स्पॉट शोधावा लागत नाही. इतक्या वर्षांच्या बुटांनी तिथं खळगा पडलाय, गवत उगवत नाही. आबांनी एकदा पावलं टाकून ठरवलेला. आता त्यांचा गुडघा गेला म्हणून मी त्याच खळग्यात फक्की भरतो. मोजायचा प्रश्नच कधी आला नाही.

नऊ मीटर चाळीस.

टेप ताणली, पुन्हा मोजलं. झोळ नव्हता. पाच फूट आणि वर दोन बोटं कमी. दुसऱ्या गोललाही तेच. दोन बोटांचासुद्धा फरक नाही.

विटेवर बसून राहिलो. बंगल्यावर नाश्ता पोचवायला उशीर झाला, शेठचा मुंबईहून फोन आला. तो बोलला ते सगळं ऐकून घेतलं. मी असा कधी ऐकून घेत नाही. तोच घाबरला, म्हणाला, "तब्येत ठीक है ना?"

१७ जानेवारी, शुक्रवार

हनुमंतला सांगितलं. कंपनीतून सुटून आला होता, डबा हातातच. आधी हसला. मग त्याचा चेहरा बदलला. बावीसच्या फायनलची शेवटची पेनल्टी त्यानंच मारलेली. वरून गेलेली. त्यानंतर वर्षभर तो गावात मान वर करून चालला नव्हता.

"म्हंजी मी चुकलो नव्हतो?"

"चुकला होतास. पण पाच फुटांनी."

बराच वेळ डब्याचं झाकण लावत-काढत बसला. मग म्हणाला, "परवा मॅच हाय. हलवायचा का स्पॉट?"

"फायनल तळेगावात आहे. आत्ता नाही हलवला तर कधी?"

"मग आबांना सांगावं लागंल."

"तू सांग. तू कॅप्टन."

"वरडला कोण व्हता त्या दिवशी? मी का तू? तूच सांग."

१८ जानेवारी, शनिवार

बंगले फुल. एकाला बार्बेक्यूचा कोळसा पाहिजे, एकाला उशा मऊ पाहिजेत. दुपारी तासभर सटकलो.

आबा ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसलेले. त्यांची बायको कस्तुराबाई सुपात तांदूळ पाखडत होती. मी उभाच. बाई म्हणाली, "काय रं, हरल्यावानी का उभा ऱ्हायलास? मॅच उद्या हाय ना?"

सांगितलं. एका दमात, खाली बघून. टेपही दाखवली.

 आबांनी काठी घेतली, उठले. "चल."

मैदानावर गोलच्या रेघेला टाच लावली. काठी माझ्या हातात दिली आणि चालायला लागले. गुडघा दुखत होता, पण पाऊल लहान-मोठं झालं नाही. एक, दोन, तीन. बाराव्या पावलाला पाय बरोबर खळग्यात.

मग मी टेप धरली. ते पाच फूट आबा बघत राहिले.

"ठाण्याचा एक सायेब व्हता, रेल्वेकडनं खेळायचा. मी इचारलं, पेनल्टी कितीवर? म्हनला, बारा यार्ड. मी इचारलं, यार्ड म्हंजी? म्हनला, एक मोठं पाऊल." आबा स्वतःच्या पायांकडे बघत होते. "आता गँगमनचं पाऊल मोठं कसं व्हनार? घाटात रोज रुळाखालच्या स्लीपरवरनं चालायचं. ह्या स्लीपरवरनं त्या स्लीपरवर. मधी पाय टाकला तर खडीत मुरगाळतो. माजं पाऊल स्लीपरयेवढंच झालं, लेका. घरात चाललो तरी स्लीपरयेवढंच."

मी टेप गुंडाळायला लागलो.

"म्हंजी चाळीस साल पोरं माज्या पावलानं हरली."

"तसं नाही आबा."

"तसंच हाय. चुकलं त्ये चुकलं." मग एकदम विचारलं, "त्या पोरीला सांगितलंस का?"

"कुठल्या?"

"कुटल्या काय, भाड्या. ती मोजत व्हती तवा मी तिला जाऊन इचारलं व्हतं, बाळ, किती भरतंय? ती म्हनली, आबा, तुमाला मग सांगते, आधी अमृतला सांगू दे. मला तवाच कळलं, कायतरी कमी भरलंय. चार मान्सांत मला कमीपना नको म्हनून ती तुला बाजूला बोलवत व्हती. आन तू बोंबलून समद्या गावाला सांगितलंस."

खाली बसलो. 

दोन वर्षं तुम्ही गप्प का बसलात, असं विचारलं. आबा म्हणाले, "तुमी कुनी पुन्ना मोजलं न्हाई. मलाबी बरंच वाटलं."

मग फक्कीची पिशवी मागितली. वाकता येत नव्हतं, मी काखेत हात घालून धरलं. नवा स्पॉट त्यांनी स्वतःच्या मुठीनं टाकला. "जुना बुजव. माती घाल, पानी मार, धुमसून घे. न्हायतर पाय तितंच जातील."

बुजवला. त्या खळग्यात किती जणांचे बूट गेले असतील. वडिलांचेही.

१९ जानेवारी, रविवार

आदिनाथची पेनल्टी बारवरून. आपल्या मैदानावर.

बांधावर शंभर माणसं. मग एकेक सुरू झाला. "स्पॉट मागं कुनी नेला?" "फक्कीवाला कोन? अमृत्या!" एकानं बाटली मारली. माझ्या कानशिलाजवळून गेली. हात शिवशिवले. मी हात खिशात घातले आणि तिथंच ठेवले.

आबा काठी आपटत उठले. "मी नेला. माजा व्हता, मी नेला. बसा खाली."

बसले.

शेवटच्या मिनिटाला हनुमंतनं कॉर्नरवर डोकं लावलं. १-० नं जिंकलो. फायनल. पण कुणी मला उचलून घेतलं नाही. आदिनाथ जवळ येऊन म्हणाला, "तुज्या टेपनं मला गावात नागडा केला." बरोबरच होतं त्याचं.

२२ जानेवारी, बुधवार

रोज संध्याकाळी पेनल्टी. नव्या स्पॉटवरून प्रत्येकी पन्नास. आबा खुर्चीवर. चाळीस वर्षं "उचल" म्हणणारा माणूस आता ओरडतोय, "दाबून मार, जमिनीसंगं घे." जुना शब्द तोंडातून निघतो, मग स्वतःचीच जीभ चावतात.

मी बॉल आणून देतो. सोमवारी निम्मे वरून जात होते. आज आदिनाथचे पन्नासात सहा. तो अजून माझ्याशी बोलत नाही, पण बॉल माझ्याच हातून घेतो.

मैदान अनोळखी वाटतं. खळगा होता तिथं ओली माती. लहानपणी आम्ही त्यात गोट्या खेळायचो.

२४ जानेवारी, शुक्रवार

मेसेज लिहिला. खूप मोठा झाला. त्यात सस्पेंड झालो ते, बंगले, आई, सगळं आलं. वाचला तेव्हा कळलं, यात ती कुठंच नाही, मीच आहे. पुसला.

२५ जानेवारी, शनिवार

पाठवला. एवढाच — "तू बरोबर होतीस. पाच फूट. मी सगळ्यांसमोर ओरडलो, ते चुकलं. आबांनी स्पॉट हलवला."

निळ्या खुणा दुपारी एकला आल्या.

उत्तर नाही. येऊ नये असंही वाटतं. आलं आणि त्यात "ठीक आहे" असलं तर काय करू?

२६ जानेवारी, रविवार

हरलो.

सुट्टीचा रविवार, बंगल्यांवर वीस गाड्या. शेठला सांगितलं, आज मी नाही. म्हणाला, मग उद्यापासूनही नको. बघू.

कामशेतची टीम चांगली. पूर्ण वेळ १-१. मग टायब्रेकर. आमच्याकडची माणसं पाठ फिरवून उभी राहिली, ही जुनी सवय. माझे वडीलसुद्धा. मी फिरवली नाही.

आमची पहिली हनुमंतनं मारली. खालून, कोपऱ्यात, गोल. त्याच गोलला, जिथं बावीसला वरून गेली होती. तो तिथंच दोन मिनिटं बसला. रेफरीनं उठवलं. दुसरी गोल, तिसरी गोल, चौथी गोल. प्रत्येक वेळी बॉल जमिनीसंगं. एकेक करून आमची माणसं तोंड फिरवून मैदानाकडे बघायला लागली.

त्यांचे पाचही गोल झाले. आमची पाचवी आदिनाथची. चांगली मारली होती, जोरात, डावीकडे. त्यांचा गोलकीपर आधीच तिकडे झेपावला होता. बोटं लागली. पोलला लागून बाहेर.

५-४. पाचवी फायनल, तीही गेली.

आदिनाथ तोंड झाकून पडलेला. आबा काठी टेकत मैदानात गेले. मला वाटलं, रडतील. आदिनाथच्या पाठीवर काठी टेकवून म्हणाले, "ऊठ. त्यानं अडवला. अडवायलाच उभा असतोय त्यो. तू वरून न्हाई घालवलास."

मग आदिनाथ माझ्याकडे आला. आठवड्यानं पहिल्यांदा बोलला. "टेप आनलीयस का रं? ह्यांचा स्पॉट बराबर हाय का बघू." आणि हसला. नाक वाहत होतं, तरी हसला.

टेप आणली होती. सॅकमध्ये. परत द्यावी म्हणून. त्या कोपऱ्यावरच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेलो, वॉचमननं विचारलं, "कुणाकडे?" सांगता आलं नाही. परत फिरलो. वर गॅलरीकडे बघितलं नाही. या वेळी खरंच नाही.

टेम्पोत मात्र हलगी वाजली. हरून येताना पहिल्यांदा. सोमाटण्याला वडापाव घेतला. तितका तिखट नव्हता.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी सात-चाळीसला तिचा मेसेज.

"पाच फूट दोन इंच. काल एकही वरून गेला नाही. मोजत होते."